उजव्या दाराची बस

शुक्रवार. संध्याकाळचे सव्वासहा.

फालेओलो विमानतळाबाहेरच्या हमरस्त्यावर पेनिना आणि तिची सहा वर्षांची मुलगी तिरेसा एका बसमध्ये चढल्या. त्यांना आपियाला जायचं होतं, भर शहरातल्या एका हॉटेलवर.

त्या वेळी त्या रस्त्यावर एकही बस नव्हती.

हे खरं घडलेलं आहे. पेनिनाला विचारून झालं. तिच्या मावशीला विचारून झालं. टॅक्सीवाल्या सेमिसीलाही विचारून झालं. तिघांना वेगवेगळं गाठून. तिघांचं सांगणं एकमेकांशी तंतोतंत जुळतं.

जुळलं नसतं तर बरं झालं असतं.

पेनिना मूळची सामोआचीच. लहानपणी आईवडिलांबरोबर ऑकलंडला गेली, ती आता थेट मावसबहिणीच्या लग्नालाच परतत होती. मकेरिता मावशी आपियातल्या त्या हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला. खोली तिनेच राखून ठेवली होती. न्यायला हॉटेलची व्हॅन येणार होती.

व्हॅन आली नाही. मावशीचा फोन आला.

"पेनी, ड्रायव्हर त्याच्या गावी अडकलाय गं. सा लागायची वेळ झाली ना."

सा म्हणजे दिवेलागणीची प्रार्थना. गावागावांत शंख वाजतो, माणसं घरात जाऊन बसतात. सा सुटेपर्यंत गावात कुणी इकडचं तिकडे होत नाही.

"मावशी, तिरेसा विमानात दोनदा ओकलीय. उभं राहवत नाहीये तिला."

"मग टॅक्सी कर. बसच्या भानगडीत पडू नकोस."

"या वेळेला बस असते का?"

"नसते. म्हणूनच सांगतेय."

पेनिना हसली. मावशीचं बोलणं पहिल्यापासून असंच.

बाहेर एकच टॅक्सी उरली होती. सेमिसी बॉनेटला टेकून, कागदातले तळलेले गोड गोळे खात उभा होता. अंगाने आडवा, तोंडाने सैल.

"चला की ताई. पण सा सुटल्यावर."

"का? गाडी बिघडलीय?"

"गाडी ठणठणीत आहे. माझा सासराही ठणठणीत आहे. पुढचं पहिलंच गाव माझ्या सासुरवाडीचं. म्हातारा रस्त्याकडे तोंड करून प्रार्थनेला बसतो. डोळे मिटलेत म्हणतो, पण माझी टॅक्सी बरोब्बर दिसते त्याला."

"हमरस्त्यावरच्या गाड्यांना कुठे मनाई असते?"

"गाड्यांना नसते. जावयाला असते."

त्याने तिरेसापुढे कागद धरला. तिने मान फिरवली आणि आईच्या कमरेला मिठी मारली. विमानात तिला वेगळी सीट होती. पण सबंध प्रवास तिने आईच्या मांडीवर काढला होता. घरीही तेच. आजारी असो, रुसलेली असो, झोप आलेली असो… तिला आईची मांडी लागायची.

"आई, बसायचंय."

पेनिनाने सॅक पाठीवर टाकली आणि मुलीचा हात धरून ती फाटकाबाहेर निघाली. एखादी गाडी मिळेल, निदान बसायला कट्टा तरी मिळेल.

"ओ ऑकलंडवाल्या ताई! तिकडे कुठे निघालात?" मागून सेमिसी ओरडला.

गिऱ्हाईक जातंय म्हणून ओरडतोय, असं तिला वाटलं.

ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. डोंगराच्या बाजूला. लहानपणी आजोबांचं बोट धरून ती इथूनच आपियाची बस पकडायची. तिने विचार केलाच नाही. पाय आपोआप गेले.

तिथे झुडपांत एक जुनी शेड होती. छपरावर वेल चढलेला.

"आई, बसचा थांबा तर त्या बाजूला आहे," तिरेसा म्हणाली. "तिथे पाटी आहे."

पेनिना वळून बघणार, इतक्यात…

बस आली.

जुनी लाकडी बस. खिडक्यांना काचा नाहीत. रंग उडालेला. ती अगदी शेडला लागून उभी राहिली. दार बरोबर पेनिनाच्या पुढ्यात आलं.

उजव्या बाजूचं दार.

तिला काही वावगं वाटलं नाही. तिच्या आठवणीतल्या सगळ्या बसांना दार तिथेच होतं.

"आपिया?"

ड्रायव्हरने मान हलवली. तोंड वळवलं नाही.

आत पंधरा-वीस माणसं असतील. मागची काही बाकं रिकामी असूनही सगळी पुढे दाटीने बसलेली. एक बाई दुसरीच्या मांडीवर, एक तरुण म्हाताऱ्याच्या मांडीवर. त्यात नवल नव्हतं. सामोआच्या बसमध्ये जागा संपली की लोक अनोळखी माणसाच्याही मांडीवर बसतात. कुणी विचारत नाही. कुणी नाही म्हणत नाही.

पण जागा संपलेली नव्हती…

खिडकीशी बसलेल्या एका म्हातारीने तिरेसाला खूण केली. ये, बस.

तिरेसाने आईकडे पाहिलं. वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? पेनिनाने मुलीला पुढे केलं. म्हातारीने तिला मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात तिच्या पोटाभोवती गुंफले.

पेनिना शेजारी बसली. बस निघाली.

काहीतरी कमी होतं.

गाणी. सामोआची बस म्हणजे कानठळ्या बसवणारी गाणी. इथे काहीच नव्हतं.

तरी सगळ्यांचे पाय हलत होते. एका ठेक्यात. ड्रायव्हरची बोटं चाकावर त्याच ठेक्यात पडत होती.

गाणं मात्र नव्हतं…

"कुणाची गं तू?" म्हातारीने तिरेसाला विचारलं.

"पेनिनाची."

"तसं नाही बाळ. कुठल्या घरची?"

तिरेसाला हे पाठ होतं. ऑकलंडच्या चर्चमध्ये सगळे हेच विचारतात. "लाउफिलींची. ते माझ्या आईचे आजोबा."

"लाउफिलीची?" म्हातारी हसली. "मग आपलीच की."

पुढची सगळी माणसं वळली. सगळ्यांनी तिरेसाकडे पाहिलं. मग सगळे एकदम पुन्हा पुढे बघू लागले.

"आजी, द्या तिला इकडे. अवघडल्या असाल."

"कसलं अवघडणं? पिसासारखी आहे पोर."

हात सुटले नाहीत.

एक गाव आलं. भिंती नसलेल्या घरांत दिवे लागलेले. रस्त्याकडेला गावची तरणी पोरं उभी होती, सा लागल्यावर कुणी हिंडू नये म्हणून. बस जवळ आली तशी त्यांनी पाठ फिरवली.

एकेकाने. सगळ्यांनी.

बस थांबली. एक मुलगी चढली. सोळा-सतराची असेल. केस मोकळे, ओले. ती सरळ पेनिनाकडे आली आणि एक शब्द न बोलता तिच्या मांडीवर बसली.

पेनिना सावरून बसली. सवयीने.

वजन लागलं नाही.

मांडीवर नुसता गारवा आला. आधी मांड्यांवर. मग गुडघ्यांत. मग हाडात…

"पोरी, मागे जागा आहे बघ," पेनिना हळूच म्हणाली.

मुलगी हलली नाही. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. पेनिनाचा हात मात्र कोरडाच होता.

तेवढ्यात शंख वाजला. दूर कुठल्यातरी गावात कुणीतरी रिकाम्या गॅस सिलिंडरवर लोखंडी कांब आपटू लागलं. ठण्ण… ठण्ण… ठण्ण…

सा लागली.

दोन गावांच्या मधे, माडांच्या अंधारात, बस उभी राहिली. ड्रायव्हरने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

तेव्हा पेनिनाच्या लक्षात आलं…

आवाजात काहीच फरक पडला नव्हता.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारीनेही. तिची हनुवटी तिरेसाच्या डोक्यावर टेकली. तिरेसा डोळे मोठे करून आईकडे बघत होती. रडत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

समोरून दोन दिवे येताना दिसले.

गाडी होती. सरळ बसच्या अंगावर येत होती. पेनिनाने ओरडायला तोंड उघडलं.

दिवे आले. समोरच्या काचेतून उजेड आत शिरला, माणसांमधून आरपार गेला आणि मागून निघून गेला. बसच्या तक्तपोशीवर दोनच सावल्या फिरल्या.

तिची, आणि तिरेसाची.

सा चालू असताना जागचं हलायचं नाही, हे पेनिनाला आजोबांनी शिकवलं होतं. आजोबांनी आणखीही एक शिकवलं होतं. मोठ्यांच्या पुढून जायची वेळ आली तर कमरेत वाकायचं, हात खाली ठेवायचा आणि म्हणायचं, 'तुलोऊ'. माफी असावी, जाऊ द्या. हा शब्द उच्चारल्यावर वाट अडवायची नसते. कुणीच.

ती उठली. मांडीवरची मुलगी कधी उठली, हे तिला आजही आठवत नाही.

ती कमरेत वाकली.

"तुलोऊ," ती म्हणाली. "तुलोऊ, आजी. पोरीला घेऊन जायचंय. तुलोऊ."

बसमधले पाय थांबले. ठेका थांबला.

म्हातारीने मान वर केली. बराच वेळ ती पेनिनाकडे बघत राहिली. मग तिची बोटं सुटली. एकेक करून.

"जा बाई," ती म्हणाली. "एकीची सोय झाली."

पेनिनाने तिरेसाला खेचून काखेत मारलं. ती वाकलेलीच, तुलोऊ तुलोऊ म्हणत, उजव्या दारातून खाली उतरली. गवतात गुडघ्यांवर पडली.

वळून पाहिलं.

रस्ता रिकामा होता.

सा सुटल्यावर सेमिसीची टॅक्सी त्याच रस्त्याने आली. भलत्या बाजूला, माडांखाली मायलेकी बसलेल्या दिसल्या तशी त्याने गाडी थांबवली.

"ताई! इथवर चालत आलात की काय? बघता बघता नाहीशा झालात शेडपाशी."

"बस मिळाली."

"बस?" तो हसायला लागला. मग तिचा चेहरा दिसला आणि थांबला. "कुठल्या दारानं चढलात?"

"उजव्या."

सेमिसी खाली उतरला. त्याने मागचं दार उघडून दिलं. गाडी बरीच पुढे आल्यावर बोलला.

"गाड्या आता डावीकडून चालतात. माहितेय ना तुम्हाला?"

तिला माहीत होतं. ती देश सोडून गेल्यानंतर सरकारने एका सकाळी सगळी वाहतूक उजवीकडून डावीकडे आणली होती. ऑकलंडमध्ये घरोघरी त्याच्यावर विनोद झाले होते. हे सगळं तिला माहीत होतं. तिच्या पायांना माहीत नव्हतं.

"बसवाल्यांनी उजवी दारं बुजवली," सेमिसी म्हणाला. "डावीकडे नवी कापली. ज्यांना नाही जमलं त्यांच्या बसा गंजून गेल्या. उजव्या दाराची बस मी शेवटची पाहिली तेव्हा मला मिसरूडही नव्हतं."

पेनिनाने तिरेसाला जवळ ओढलं. "ये बाळ. मांडीवर ये. झोप."

तिरेसा जागची हलली नाही.

"ये ना."

"तिथे जागा नाहीये, आई."

सेमिसीने आरशातून मागे पाहिलं. मग त्याने आरसा वर वळवला आणि आपियापर्यंत तो तसाच ठेवला.

हॉटेलच्या दारात मकेरिता मावशी उभी होती. आधी तिने दोघींना पोटाशी धरलं, मग तोंडाचा पट्टा सोडला. "सांगितलं होतं ना? गोऱ्यांच्या देशात राहून कान पण तिथेच ठेवून आलीस का?" पण ऐकता ऐकता तिचा आवाज खाली येत गेला.

"लाउफिलींचं नाव सांगितलं पोरीनं?"

"हो."

"आणि सोडलं तिला?"

"सोडलं."

"असं कसं सोडलं?" मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीने अंग चोळून देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला बोलावलं. बाईने पेनिनाच्या खांद्यांना तेल लावलं, पाठीला लावलं. मांडीवर हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. हात पुसले. खायला नको, पैसे नको म्हणाली. जाताना तिने मावशीला दाराबाहेर नेऊन एवढंच विचारलं, "ही परत कधी जाणार?"

लग्न पार पडलं. दोघी ऑकलंडला परतल्या. पाद्रीबाबांनी घरी येऊन प्रार्थना केली. पेनिना कामावर जाते. जेवते, हसते. मांड्यांवर मात्र भर उन्हातही पांघरूण घेऊन बसते.

तिरेसा आता सात वर्षांची आहे. ती आईला बिलगते, गळ्यात पडते, एकाच गादीवर झोपते. मांडीवर मात्र त्या संध्याकाळपासून एकदाही बसलेली नाही.

गेल्या रविवारी तिला ताप भरला. पेनिना सोफ्यावर बसली होती. तिने पांघरूण बाजूला केलं, हात पसरले. "आज तरी ये गं."

तिरेसा आली. आईच्या पुढ्यात उभी राहिली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. किंचित खाली, मांडीच्या जरा वर पाहिलं.

मग ती कमरेत वाकली.

"तुलोऊ," ती म्हणाली.

आणि थांबली…

बराच वेळ थांबली.

मग आईच्या पायाशी, जमिनीवर जाऊन बसली.