शालनचा चौथा भाग

विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण यातला एक शब्दही पदरचा नाही. जिच्यावर हे गुदरलं ती योगिनी आजही आहे.

साल १९९७. मे महिना. इंदापूर तालुक्यातलं डाळज.

आणि वेळ रात्रीची नव्हे… भर दुपारची.

योगिनी ही नागेशची दुसरी बायको. पहिली शालन. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच ती काविळीनं गेली. नागेशचं भिगवणला टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्या वेळी दर रविवारी टीव्हीवर 'नभपाहुणे' नावाची मालिका लागायची. आभाळातून उतरलेले पाहुणे माणसांत राहायला येतात, अशी गोष्ट. शालनला तिचं भारी वेड. मालिका संपली आणि तिच्यावरून कादंबऱ्या निघू लागल्या, तशी शालन त्या आणायची आणि नागेशला वाचून दाखवायची. तीन भाग झाले. चौथा निघायच्या आत ती गेली.

हे सगळं योगिनीला सांगितलं कुणी? नागेशनंच. नको तितक्या वेळा.

"शालन वाचाय लागली की पाव्हणा दारात उभा हाय असं वाटायचं बघ."

योगिनी हसून ऐकायची. आतून जळायची. जित्या सवतीशी भांडता तरी येतं. मेलेलीचं काय करायचं? ती म्हातारी होत नाही. तिची भाकरी करपत नाही.

योगिनीच्या गळ्यात सवतीचा टाक होता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली इवलीशी बाई. पहिली गेली की दुसरीनं तो घालायचा. घरात नवं काहीही आलं, लुगडं असो की बांगडी, आधी टाकाला लावायचं. "बाई, आधी तू घे," म्हणायचं. मग आपण वापरायचं. योगिनी हे निमूट करायची.

एकदाच नाही केलं.

बाळंतपण उरकून, पाच महिन्यांच्या राजनंदिनीला घेऊन ती माहेराहून, जळोचीहून निघाली होती. बारामतीच्या स्टँडवर पुस्तकांच्या गाड्यावर तिला तो दिसला. 'नभपाहुणे'. भाग चौथा. कोरा करकरीत.

हा शालननं वाचलेला नाही… हा माझा.

लेकीच्या दुपट्यात गुंडाळून तिनं तो घरी आणला. टाकाला लावला नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दुपारी सामसूम झाली की ती वाचायची. लेक झोळीत, झोळीची दोरी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. राजी चुळबुळली की पानात लोकरीचा पिवळा धागा घालायचा आणि पुस्तक दुपट्यांच्या चळतीखाली.

पहिल्या दिवशी धागा चाळिसाव्या पानावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी उघडलं, तर… बासष्टाव्या पानावर.

चुकलं असेल. तान्ह्या लेकराची आई, रात्रीची झोप नाही. तिनं मागं जाऊन वाचलं. पंचेचाळीसवर धागा ठेवला.

तिसऱ्या दिवशी धागा नव्वदवर होता.

नागेश दिवसभर भिगवणला. सासूला अक्षर ओळखीचं नाही. मग कोण?

चौथ्या दिवशी ती चुलीपुढं बसली होती. ही राजीची रडायची वेळ. या वेळेला पोर रडली नाही असा एक दिवस गेला नव्हता.

आज आवाज नाही.

पिठाचे हात तसेच ठेवून तिनं कान दिला. आतल्या खोलीतून…

सळ्ळ.

मग बराच वेळ काही नाही.

सळ्ळ…

पान उलटल्यासारखं.

ती धावली. खोलीत कुणी नव्हतं. झोळी हलत होती, सावकाश, एका लयीत. दोरी भुईवर सुटी पडलेली. आणि राजी टक्क जागी. बोळकं पसरून हसत होती.

योगिनीनं भ्यायला हवं होतं. तिला आला तो राग. नवरा तर तिचा होताच. आता लेकही?

तिनं पोरीला उचललं, छातीशी दाबलं आणि सगळं सासूला सांगितलं.

"टाकाला लावलंस का ते पुस्तक?"

"पुस्तक काय लुगडं हाय व्हय, आत्याबाई?"

"येडे, लुगड्यात कुठं तिचा जीव हुता? पुस्तकातच हुता. लाव टाकाला. म्हन, आधी तू वाच."

"न्हाय म्हननार. लय वाचलं तिनं. आता माझी पाळी."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "मेलेल्या बाईसंगं पाळ्या लावतीस?"

दुसऱ्या दिवशी भिगवणची लाइट गेलेली. दुकान बंद करून नागेश दुपारीच घरी आला आणि सोप्यात आडवा झाला. योगिनी पुस्तक घेऊन समोर बसली.

"आवो, चौथा भाग गावलाय. वाचून दाखवू?"

तो ताडकन उठून बसला. "कवा आणलास?" त्याचा चेहरा असा उजळला की तिला भरून आलं… आणि डंखही बसला.

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. आधी आवाज कापला, मग लागला. नागेशनं भिंतीला टेकून डोळे मिटले आणि हुंकार द्यायला लागला. "हं… हं…" दोन वर्षांच्या संसारात तिच्या कुठल्याच बोलण्याला त्यानं असा हुंकार दिला नव्हता.

जिंकले मी, तिला वाटलं.

गोष्टीतला पाहुणा एका शेतकऱ्याच्या घरी उतरतो. बघतो तर घरातला जो तो गोठ्याकडं धावतोय. कुणी वैरण नेतंय, कुणी पाणी…

नागेश खदखदून हसला. "म्हशीलाच घरची मालकीण समजला की लेकाचा!"

योगिनी थांबली.

ते वाक्य पलीकडच्या पानावर होतं.

"तुमास्नी कसं कळलं?"

"आगं, आत्ताच वाचलंस की."

ती पुढं वाचू लागली. भराभर. नागेश मधेच कळवळला, "आरं देवा… पोरगं तरी वाचलं न्हवं?" गोष्टीत पूर यायला अजून चार पानं होती. तिनं वेग वाढवला. अक्षरं गिळली, ओळी गाळल्या. पण तो पुढंच होता. कायम पुढं.

शेवटी तिनं पुस्तक मिटलं. ओठ घट्ट दाबून धरले.

सोप्यात चिडीचूप.

"हं…" नागेश म्हणाला.

थोड्या वेळानं पुन्हा…

"हं."

डोळे मिटलेले. चेहरा कुणाच्या तरी शब्दांबरोबर हलणारा.

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तो हुंकार देत राहिला. योगिनी राजीला मांडीवर घट्ट धरून समोर बसून होती. मग त्यानं डोळे उघडले. ते ओले होते.

"असला शेवट…" एवढंच म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

तो शेवट योगिनीनं आजवर वाचलेला नाही. पुस्तक घरातच आहे. काय होतं शेवटी, असं तिनं एकदा विचारलं होतं. "तूच तर वाचलास," म्हणून नागेश तिच्याकडं बघत राहिला.

त्या दुपारी कोण वाचत होतं, हा प्रश्न तिला पडत नाही. छळतं ते निराळंच.

माझ्यासाठी ते डोळे कधी ओले होतील का…

हे मात्र ती कुणालाच विचारत नाही.