गेणबाची जागा

शिरूरच्या एसटी स्टँडमागं माझा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच्याच मागच्या खोलीत घर. आमच्या भागात मेलेल्या माणसाला घरच्या फोटोत घालून घ्यायची हौस फार. लग्न जमलं की येतात, "आबांला तेवढं मागं हुभं करा" म्हणतात. मी करतो.

मांडवगणच्या सारजाबाईंचा गेणबा विहिरीत बुडाला. त्याचा एकच फोटो होता, शाळेतला, छातीपर्यंतचा. मी त्याला आईच्या खांद्यामागं बसवला. आईच्या शेजारी बहीण तेजश्री होती, तिचा हात धरून. छापून न्यायच्या आधीच बाईंनी शाळेतला फोटो अस्थींबरोबर नदीत सोडला. "काम्पुटरात हाय की!" म्हणे. डोकं फिरलं माझं.

आणि त्याच उन्हाळ्यात, हे सगळे फोटो ज्यात होते त्या घरच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरमधली एक डिस्क मेली. तीन डिस्क एकत्र जोडलेल्या होत्या. एक गेली तर नवी बसवायची, उरलेल्या दोघींवर जे आहे त्यावरून गेलेलीचं सगळं मशीन पुन्हा तयार करतं. यात जादू नाही, गणित आहे.

नवी बसवली, काम सुरू केलं. मायलेकी फोटो न्यायला सकाळच्या गाडीनं आल्या, मी डिस्क गेल्याचं सांगितलं. पोरगी दारातच उभी राहिली. बाई माझ्या खुर्चीमागं, अगदी मानेशी.

"गेणबा गेला का वो?"

"तो केव्हाच गेलाय, बाई. मी फोटोचं बघतोय."

बोललो ते बोललो. बाई पदर तोंडाला लावून पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा वाढताना बघत राहिल्या. शंभर टक्के झाले. मी फोटो उघडला.

गेणबा मागं नव्हता. आईच्या शेजारी उभा होता, पायाच्या नखापर्यंत पूर्ण. केस कपाळाला चिकटलेले. आईचा हात त्याच्या हातात.

हे हात मी लावले नव्हते. कुठून लावणार?

"ह्योच सदरा," बाई हळूच म्हणाल्या. "वर काढला तवा ह्योच व्हता अंगात."

तेजश्री पुढं आली. बराच वेळ बघत राहिली.

"आये, मी कुठं हाय?"

मी पुन्हा पाहिलं. खरंच, ती कुठंच नव्हती.

"थांबा, पुन्हा करून बघतो," मी म्हणालो. माऊसकडे हात नेला.

"हात लावू नका!" बाईंनी माझं मनगट धरलं. पडद्यावरची नजर हलली नाही. "तू ऱ्हाऊ दे गं तेजे. पोरगं आलंय."

पोरगीनं आईचा पदर धरला.

मी प्रिंटरकडे वळलो. कागद निघाला, ओलसर लागला. वळून बाईंच्या हातात दिला. खोलीत त्या एकट्याच होत्या.

"पोरगी कुठं गेली?"

बाईंनी फोटो छातीशी धरला, उंबऱ्याबाहेरच्या चपला पायात सरकवल्या आणि स्टँडकडे निघाल्या. हसत होत्या.

पडद्यावर ओळ आली होती: तिन्ही डिस्क ठीक, काही गहाळ नाही.

उंबऱ्याबाहेर लेडीज चपलांचा दुसरा जोड तसाच होता.