आधीच पटलेला वाचक

मूल्यमापन प्रयोगशाळेच्या दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी होती. डॉ. शर्मिष्ठा गावंडे चपलांसकट आत गेल्या. वीस वर्षं निबंधलेखन शिकवणाऱ्या बाईंचा पारा चढला की विभागातले शिपाईसुद्धा वाट बदलत. आज तर तो चढून उतरायचं नाव घेत नव्हता.

त्यांच्यामागून तेजल वळवी आली. तिने चपला बाहेर काढल्या होत्या. नंदुरबारच्या या मुलीला संशोधन-शिष्यवृत्तीच्या निबंधात शंभरपैकी सहा गुण पडले होते. शिष्यवृत्ती नाही तर वसतिगृह नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. शुक्रवारी तिला खोली रिकामी करायची होती.

"सहा?" गावंडेबाईंनी टेबलावर हात आपटला. "केळुसकर, तुमच्या यंत्राला वाचता येतं की नुसतं वजन करतं कागदाचं?"

डॉ. निरंजन केळुसकर शांतपणे हसले. निबंध तपासणारं ते यंत्र, प्रतिवाचक, त्यांनीच घडवलं होतं आणि त्याच्याबद्दल कोणी रागावून बोललं तरी त्यांना ते कौतुकच वाटे.

"मॅडम, बसा. प्रतिवाचक शब्द मोजत नाही. तो खरोखर वाचतो. ही विश्वासपट्टी पाहा, शून्य ते शंभर. निबंधाचं मुख्य म्हणणं वाचकाला किती पटलंय ते काटा दाखवतो. प्रत्येक परिच्छेदानंतर काटा किती सरकला, त्यावर गुण. नुसतं विधान केलं तर काटा हलत नाही. पुरावा दिला तर थोडा हलतो. तो पुरावा विधानाला कसा आधार देतो, हे उलगडून सांगितलं की चांगला हलतो. तुम्ही वर्गात हेच तर शिकवता."

"हेच शिकवते. आणि हिने हेच लिहिलंय. विषय वाळूउपशाचा. बाकीच्यांनी प्रश्नपत्रिकेसोबतचे अहवाल उतरवले. हिने स्वतः तापीकाठच्या विहिरी मोजल्या. पाणी कुठे, किती खाली गेलं, आणि त्याचा उपशाशी संबंध काय, हे परिच्छेदागणिक एकेक मुद्दा घेऊन मांडलंय. मग तुमचा काटा काहून हलला नाही?"

"वाचकाला पटलं नसेल."

तेव्हा तेजल पहिल्यांदा बोलली. "सर, आमच्या वसतिगृहात सगळ्या वसावे, वाघ, सोनवणे, शिरसाट नापास आहेत. अहिरे आणि आहेर पहिल्या दहात आहेत. पेपर आडनावांच्या क्रमाने वाचले का?"

"क्रमानेच. त्याने काय होतं? प्रत्येक निबंधानंतर पाटी पुसली जाते. म्हणजे वाचलेलं सगळं विसरून प्रतिवाचक पुन्हा कोरा..." केळुसकर मध्येच थांबले. त्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या आणि पुन्हा चढवला.

"बोला की," गावंडेबाई म्हणाल्या.

"पाटी पुसायला आठ मिनिटं लागतात. वाचायला एक. निबंध चाळीस हजार. कुलगुरूंना निकाल लवकर हवा होता. त्यामुळे यंदा पाटी एकदाच पुसली, सुरुवातीला."

मग गावंडेबाईंनी एकेक शब्द चावून विचारलं, "म्हणजे वळवीच्या निबंधापर्यंत तुमच्या वाचकाने वाळूउपसा वाईट आहे हे हजारो वेळा वाचलं होतं?"

"काटा शंभराला टेकला असणार. वर सरकायला जागाच उरली नसेल."

"आणि जागा नव्हती म्हणून हिला सहा."

केळुसकर शास्त्रज्ञ होते, लबाड नव्हते. त्यांनी प्रतिवाचकाच्या सरावाच्या प्रतीला तेजलचा निबंध आधी पाटी न पुसता वाचायला दिला. काटा जेमतेम थरथरला. गुण सहा. मग पाटी पुसली. ती आठ मिनिटं तिघांनी एकमेकांकडे न पाहता काढली. कोऱ्या प्रतिवाचकाने तोच निबंध वाचला. विहिरींच्या परिच्छेदाला काटा असा धावला की केळुसकर पुढे वाकून पाहू लागले. गुण एक्क्याऐंशी.

"शास्त्रीयदृष्ट्या फार रंजक आहे," ते पुटपुटले.

"रंजक?" गावंडेबाईंचा आवाज चढला. "अहो, ही पोरगी जन्मभर हजेरीत शेवटची. प्रात्यक्षिकाला उपकरण शेवटी, ग्रंथालयात पुस्तक शेवटी. आता तुम्ही तिची बुद्धीसुद्धा शेवटची ठरवली, तीही मिनिटं वाचवायला! सगळे निबंध पुन्हा वाचा."

"कुलगुरू तयार होणार नाहीत. निकाल जाहीर झालाय. फेरतपासणीचा अर्ज करा. तोही प्रतिवाचकच वाचतो, म्हणजे माणसाचा पक्षपात नको. फक्त तिथे काटा किती सरकला हे पाहत नाहीत, कुठे थांबला ते पाहतात. पन्नासच्या वर थांबला तर अर्ज मंजूर."

त्याच दुपारी गावंडेबाईंनी विभागप्रमुख म्हणून अर्ज लिहिला. लिहिताना पेन कागदात रुतत होतं. 'हा घोर अन्याय आहे. ही विद्यापीठाला लाज आणणारी बाब आहे. गरीब विद्यार्थ्यांचा हा उघड छळ आहे.' चार पानं अशी. प्रतिवाचकाने ती वाचली आणि काटा शून्यावरून तसूभर हलला नाही. अर्ज नामंजूर झाला.

गावंडेबाईंचा संताप झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे तो स्वतःवरच झाला. चार पानांत एकही पुरावा नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलाने असं लिहिलं असतं तर त्यांनी लाल पेनाने कागद भरून टाकला असता.

"आता उमेदवाराचा स्वतःचा अर्ज राहिलाय," त्या तेजलला म्हणाल्या. "तू लिही. माझ्यासारखं लिहू नकोस."

"मॅडम, मलाही राग आलाय. फार आलाय. तो कुठे लिहू?"

"कुठेच लिहू नकोस. परिच्छेद असा बांध की वाचणाऱ्याला राग यावा."

तेजलने तीनच परिच्छेद लिहिले. पहिल्यात एकच मुद्दा होता: गुण लेखनावर नाही, क्रमावर पडले. आधाराला केळुसकरांच्या प्रयोगाचे दोन आकडे होते, सहा आणि एक्क्याऐंशी. पुढे तिने उलगडलं की निबंध तोच, यंत्र तेच, बदलली ती फक्त पाटी; तेव्हा फरकाचं कारण पाटीच असू शकतं. जे तिच्या बाबतीत घडलं ते इतरांच्या बाबतीत का घडलंच असणार, या प्रश्नावर परिच्छेद संपला आणि तिथूनच दुसरा सुरू झाला. तिसऱ्यात तिने मागणी केली: ज्याने अर्ज केला, त्याचा निबंध कोऱ्या पाटीवर वाचावा. विशेषणं जवळजवळ नव्हतीच. वाचताना गावंडेबाईंनी लाल पेन हातात घेतलं, पण एकदाही टेकवलं नाही.

काटा अठ्ठ्याण्णववर थांबला. अर्ज मंजूर.

गुरुवारी सकाळी केळुसकरांचा फोन आला. "मॅडम, ताबडतोब या. वळवीलाही आणा."

पडद्यावर अर्ज सरकत होते. वसतिगृहात बातमी पसरली होती आणि रात्रीतून हजारोंनी अर्ज भरले होते. वसावे मंजूर. वाघ मंजूर. सोनवणे मंजूर. एकाने नुसतंच 'माझंही बघा' असं लिहिलं होतं. तोही मंजूर.

"हे काय चाललंय?" गावंडेबाईंनी विचारलं.

"वळवीच्या अर्जानंतर काटा खाली यायलाच तयार नाही. तिने त्याला एकदा पटवलंय. पाटी पुसलेली नाही, त्यामुळे आता कोणी काहीही लिहो, त्याला आधीच पटलेलं असतं." केळुसकरांच्या कपाळावर घाम होता. "चाळीस हजार अर्ज येतील. सगळे मंजूर होतील. नियमाने एकेक निबंध पाटी पुसून वाचावा लागेल."

तेजल खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. गावंडेबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कुलगुरू म्हणतात, आत्ताच्या आत्ता पाटी पुसा," टेबलावरच्या चालू फोनकडे बोट दाखवत केळुसकर म्हणाले. "म्हणजे पुढचे अर्ज तरी नामंजूर होतील."

"पुसा मग. पण कारण काय लिहाल? आधीचा विश्वास पुढच्या वाचनात शिरतो, म्हणून पुसली?"

केळुसकरांचा हात पाटी पुसण्याच्या बटणाजवळ गेला आणि तिथेच राहिला. "ते लिहिलं तर वळवीचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल."

"आणि न लिहिता पुसली तर?"

"मग वळवीचा अर्ज मंजूर आणि पुढच्यांचे नामंजूर का, हे सांगता येणार नाही." केळुसकरांनी हात मागे घेतला. फोन अजून चालूच होता. कुलगुरू पलीकडून हॅलो, हॅलो करत होते. गावंडेबाईंनी तो उचलला.

"सर, मी गावंडे. पाटी पुसण्याचा हुकूम लेखी द्या. कारणासकट. आणि एक विनंती, कारणाला पुरावा जोडा."

कुलगुरूंनी फोन ठेवला. पडद्यावर पुढचा अर्ज मंजूर झाला.