बिछान्याखालची तपकिरी वायर

ही गोष्ट घडलेली आहे. मी तिथे होतो. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, माझी हरकत नाही.

बावीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग करतोय. माझ्या धंद्यात प्रत्येक आवाजाला कारण असतं, प्रत्येक वासाला कारण असतं. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, एवढंच. असं मी मानायचो.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

शनिवार होता. दुपारचे पावणेतीन. तळ्याकाठचं खडीचं मोकळं मैदान आणि डोक्यावर लख्ख ऊन.

माझे भाऊजी जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढत होते. स्वतः कुठेच गेले नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी ताईला न सांगता एक जुना ट्रेलर आणला. म्हणजे चाकांवरची खोलीच. गाडीच्या मागे जोडायची आणि जाल तिथे न्यायची. आत एक बिछाना, एक ओटा, दोन खिडक्या.

ताई आधी चिडली. मग तिने पडदे शिवायला घेतले.

"तू फक्त लाइटचं बघ," भाऊजी मला म्हणाले. "बाकी तुझी ताई बघेल. तिने आत्तापासूनच मला चपला बाहेर काढायला लावल्यात."

लाइटचं बघायचं म्हणजे काय, तर ट्रेलरची बॅटरी चालत्या गाडीवर चार्ज झाली पाहिजे. लोक यात हमखास घोळ घालतात. बारीक वायर टाकतात, ती तापते. फ्यूज टाकत नाहीत, मग एक दिवस सगळंच पेटतं. मी बोटाएवढी जाड केबल टाकली. दोन्ही टोकांना फ्यूज. मध्ये रिले, म्हणजे इंजिन बंद झालं की जोडणी आपोआप तुटेल आणि ट्रेलर गाडीची बॅटरी चोखत बसणार नाही.

आधीची बॅटरी बिछान्याखाली होती. ते मला पटेना. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना गॅस सोडते, तिच्यावर माणसाने झोपू नये. मी नवी बॅटरी बाहेर, पुढच्या दांड्यावर पेटीत बसवली.

ते करताना बिछान्याखाली एक जुनी वायर दिसली.

तपकिरी. चिकट. मधोमध कापलेली. दोन्ही टोकांना टेप.

हात लावला तर बोटांना शेंबडासारखं काहीतरी लागलं. मी पँटला पुसलं. जुन्या टेपचा गोंद वितळला असेल, असं वाटलं. वायर उशापाशी जात होती. ताईला तिथे छोटा पंखा हवा होता.

मी ती जोडली.

तेव्हा मला कुणी थांबवायला हवं होतं.

पहिल्या सफरीला मीही गेलो. काम कसं झालंय ते बघायचं होतं. सकाळी निघालो, सहा तास गाडी चालली. एवढ्या वेळात बॅटरी टम्म भरायला हवी. तळ्यापाशी थांबून मीटर लावला...

बॅटरी रिकामी.

"तुझी केबल जाड आहे, पण डोकं?" भाऊजी हसत म्हणाले.

मी म्हटलं, इंजिन चालू ठेवा, बघतो. ताई म्हणाली, तुमचं चालू द्या, मी जरा पाठ टेकते. ती आत गेली. दाराची कडी लावल्याचा आवाज आला. भाऊजी तळ्याकडे फिरायला गेले.

मी क्लॅम्प मीटर केबलभोवती अडकवला. वायर न सोडता तिच्यातून किती करंट जातोय ते त्यावर कळतं.

चाळीस अँपिअर.

ठीक. रिकामी बॅटरी खाणारच. पण दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी चाळीसच. मी पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवलं आणि बॅटरी पेटीतून काढून खडीत ठेवली. आता आत फक्त एक छोटा पंखा. एक अँपिअरसुद्धा लागायला नको.

मीटरवर... चाळीस.

आणि वास आला.

सडक्या अंड्यांचा. बॅटरी जास्त चार्ज झाली की येतो तसा. पण बॅटरी सुटून माझ्या पायाशी होती, गार. मी वाकून हुंगली. तिला वास नव्हता.

वास खिडकीतून येत होता.

मी जवळ गेलो. आता तो अंड्यांचा राहिला नाही. आजाऱ्याचं तोंड कितीतरी दिवस धुतलं नसेल, तो वास. त्यात कसलीतरी गोडसर आंबूस झाक. माझ्या जिभेवर बसला तो. मी थुंकलो. पुन्हा थुंकलो. जाईना.

मग आवाज ऐकू आला.

फुस्स... टक.

फुस्स... टक.

रिले वाजतोय, मी मनाला सांगितलं. पण रिले गाडीत होता, बॉनेटखाली. हा आवाज ट्रेलरच्या आतून येत होता. आणि दर दोन-तीन वेळांनंतर त्यात आणखी काहीतरी मिसळायचं...

गिळल्याचा आवाज. घशात दाटलेलं गिळल्यासारखा.

"ताई?"

मी दारावर थाप मारली.

"ताई, दार उघड!"

फुस्स... टक.

मी धावत गाडीकडे गेलो आणि जोडणीचा प्लग ओढला. तो सहज निघाला नाही. दात उपटावा तसा निघाला. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये पिवळट तार ताणली गेली, लांब झाली आणि तुटून माझ्या मनगटावर पडली. कोमट होती.

मीटर अजून ट्रेलरच्या बाजूच्या केबलला लटकत होता. केबलचं एक टोक माझ्या हातात, मोकळं. बॅटरी सुटलेली. आकडा शून्य असायला हवा.

उणे चार.

म्हणजे चार अँपिअर, उलट्या दिशेने. आतून बाहेर. माझ्याकडे.

मी प्लग फेकला.

माझं ओरडणं ऐकून भाऊजी पळत आले. दोघांनी मिळून दार खेचलं. कडी तुटली.

पंखा थांबलेला. आत उकाडा. ताई बिछान्याच्या अगदी कडेला, भिंतीकडे पाठ करून, एका कुशीवर झोपली होती. शेजारी कुणी झोपलंय आणि आपण त्याला जागा करून दिलीये, तशी.

शेजारी गादी दबलेली होती.

डोकं, खांदा, कंबर. सगळं स्पष्ट. तेवढ्या भागात गादी पिवळी, ओली. ताईचा हात त्या ओल्यात पडलेला.

आणि आमच्या डोळ्यांदेखत तो खळगा हळूहळू वर यायला लागला. त्यातून एक लांब, ओला श्वास निघाला... सरळ माझ्या तोंडावर.

मी तिथेच उंबऱ्यात ओकलो. लाज वाटते सांगायला, बहीण आत आणि मी ओकतोय. ताईला उचलून बाहेर काढलं ते भाऊजींनी. तिचा गाल उशीला चिकटला होता. सोडवताना आवाज झाला, तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

ताई शुद्धीवर होती. डोळे उघडे.

मी परत आत का गेलो ते मलाच माहीत नाही. बहुतेक कारण शोधायला. शर्ट तोंडावर धरला, गादी सरकवली आणि खालची फळी उचलली.

तपकिरी वायर उशाखाली जाऊन संपत होती. पंख्याला मी जोडलेला फाटा वेगळा. हे मूळ टोक. तिथे तांब्याच्या बारीक तारा पिंजारलेल्या होत्या आणि त्यांच्यात केस वळले होते. लांब, पांढरे. तार कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. केसांच्या मुळांना पांढरे ओले गोळे होते, आत्ताच उपटल्यासारखे.

मी कात्रीने वायर कापली. मधून पाणी आलं.

ट्रेलर तिथेच टाकून आम्ही निघालो. काचा खाली करून. दोन तास गेले. मग ताई म्हणाली,

"बंद का केलंस रे?"

"काय?"

"ती म्हणत होती, अजून थोडं. अजून थोडंच."

भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. "कोण ती?"

"शेजारची," ताई म्हणाली. बसमधल्या शेजारणीबद्दल बोलावं तसं.

मी विचारलं, "ताई, तुला किळस नाही वाटली?"

ती माझ्याकडे वळली. "वाटली ना. तू दारात उभा होतास, ओकत. तुझी वाटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेलर विकणाऱ्याला गाठलं. जुन्या गाड्यांचा धंदा, सगळे त्याला मामा म्हणतात. मी बॅटरी एवढंच बोललो आणि चहाचा कप तोंडाला लावता लावता तो थांबला.

"बिछान्याखालची जोडलीस का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच कापली होती ती."

मग त्याने सांगितलं. आधीचा मालक एक म्हातारा. बायकोला फुफ्फुसाचा आजार. दोघं त्या ट्रेलरमध्येच राहायची. तिच्या श्वासाचं मशीन त्या तपकिरी वायरने ट्रेलरच्या बॅटरीवर आणि बॅटरी गाडीच्या इंजिनवर. म्हातारा दिवसभर इंजिन चालू ठेवायचा. कॅन घेऊन डिझेलला जायचा, पळत यायचा.

"मग एक दिवस ती गेली," मामा म्हणाला. "दुपारची. पण त्याने इंजिन बंद केलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीन चालूच. हवा आत जातेय, बाहेर येतेय. तो म्हणायचा, श्वास चाललाय की. शेजारी झोपायचा तिच्या."

"किती दिवस?"

मामाने कप खाली ठेवला.

"एकोणीस. वास सुटला म्हणून आसपासच्यांनी मला बोलावलं. दार उघडलं तेव्हा तिची छाती... वर-खाली..." तो उठला, बाजूला जाऊन थुंकून आला. "मी तीनदा धुतला रे तो. फिनाइल टाकून. गादी नवी घातली."

"आणि माझ्या बहिणीला विकलात."

मला त्या माणसाची जेवढी शिसारी आली तेवढी त्या गादीचीही आली नव्हती.

म्हातारा कुठे आहे, मी विचारलं. वारला म्हणाला. इंजिन बंद केल्यावर आठवड्याच्या आत.

बारा दिवसांनी मी आणि मामा ट्रेलर आणायला गेलो. मी सोडवलेली बॅटरी तशीच खडीत पडली होती. सवयीने मीटर लावला. काठोकाठ भरलेली. मी ती उचलली नाही.

ट्रेलर सरळ भंगारात नेला आणि समोर उभं राहून कापून घेतला. गॅस कटरने दीड तास लागला. काही झालं नाही. आवाज नाही, वास नाही. कापणारे दोघं गप्पा मारत होते. मला हलकं वाटलं. घरी जाऊन मी पोटभर जेवलो, बऱ्याच दिवसांनी.

ताई आता बरी आहे. पडदे तिने स्वयंपाकघराला लावले. भाऊजी पुन्हा विनोद करतात. त्या दुपारबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

एकदाच बोलली ती. गेल्या महिन्यात फोनवर इकडचं तिकडचं चाललं होतं, माझ्या मुलांच्या परीक्षा वगैरे. मध्येच तिने विचारलं, "ट्रेलरचं काय केलंत शेवटी?"

"कापला," मी म्हटलं. "तुकडे केले. आता काळजी नको."



मग तिने हळूच विचारलं...

"कापताना ती जागी होती का रे?"

मी फोन ठेवला.