अजून एक उशी

कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं दुकान नारायण पेठेत आहे. गिऱ्हाईक आत येतं आणि विचारतं, "मिस्टर आहेत का?" मी म्हणते, आहेत, पण ते बँकेत असतात, त्यांना प्लगसुद्धा लावता येत नाही. थोडक्यात, माझ्यापुढे, म्हणजे मंदाकिनीबाईंपुढे, भुताखेतांच्या गोष्टी कुणी करत नाही. बिघाडाला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते खुर्चीत बसलेलं असतं.

विश्रांतवाडीच्या सुरय्याआपांचा फोन आला तेव्हाही मला हेच वाटलं. त्यांचा एकुलता एक मुलगा उजैर रियाधला नोकरीला. आपांना मोतीबिंदू, मोबाइलवर तो धड दिसत नाही, म्हणून जाताना त्याने मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन दिलेला. रोज दुपारी ब्राउझर उघडून व्हिडिओ कॉल. आणि त्यात मुलाच्या अंगावर खालून हिरवी पट्टी यायची.

"रोज वर चढते हो, ताई," आपा म्हणाल्या. "आधी कमरेला होती. आता छातीला आलीय."

मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. हिरवट, जराशी हलणारी पट्टी, वरचा काठ सरळ. बाकीचे व्हिडिओ स्वच्छ. माझ्या मोबाइलवर तोच कॉल जोडला, तर तिथेही स्वच्छ. म्हणजे ब्राउझर आणि ग्राफिक्स कार्ड यांचं आपसात पटत नव्हतं. मी कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर. पट्टी गेली नाही.

"जरा वर सरक रे, बेटा," आपा मुलाला म्हणाल्या. तो हसत उठला आणि खुर्चीवर उशी ठेवून बसला. पट्टीच्या वर त्याची छाती आली. माझ्या मोबाइलवर दिसलं, त्याच्याखाली आधीच्याही उशा होत्या.

पुढच्या आठवड्यात पट्टी हनुवटीला टेकली होती. उजैर आता उंच स्टुलावर बसून, मान वर करून बोलत होता.

"मान का वर करतोस रे?" मी विचारलं.

"सवय झाली, ताई."

"त्याला पोहता येत नाही," आपा हळूच म्हणाल्या.

"अहो आपा, रियाध वाळवंटात आहे! आणि तो नवव्या मजल्यावर राहतो!" माझा आवाज चढला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं. चित्र काढायचं काम ते ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतं. मी ते बंद केलं. पट्टी गेली, मुलगा डोक्यापासून पायापर्यंत दिसला. आपा रडायलाच लागल्या.

उजैरचे केस ओले होते. शर्टाची कॉलर गळ्याला चिकटली होती.

"आत्ता आंघोळ केलीस का?"

"नाही," तो म्हणाला आणि तोंडावरून हात फिरवला.

मी चहा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी आपांचा फोन. "ताई, तो दिसत नाही."

गेले. पडद्यावर खोली लख्ख दिसत होती. खाट, खिडकीतलं ऊन, रिकामं स्टूल. माझ्या मोबाइलवरही तेच.

"अम्मी, जेवलीस का?" उजैरचा आवाज आला.

"कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"इथेच. समोर."

आपांनी त्याच्या शेजारच्या खोलीतल्या मित्राला आधीच फोन केला होता. तो आत जाऊन आला होता. खोलीत कोणी नव्हतं.

"ते बटण परत चालू करा," आपा म्हणाल्या. "पट्टी होती तेव्हा निदान तिच्या वर तरी दिसायचा."

"आपा, नको."

"करा म्हणते ना!"

मी केलं. पडदा वरच्या कडेपर्यंत हिरवा झाला.

"अम्मी, दिसतोय का मी?"

तो बोलत होता तेवढा वेळ खालून बुडबुडे वर येत राहिले. मग थांबले.

मी माऊसकडे हात नेला. आपांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि पडद्याला नाक लावून बसल्या.

"दिसतोस ना, बेटा," त्या म्हणाल्या. "जरा वर सरक. अजून एक उशी घे."