बघायला आलेला दुसराच

भूक लागली की मला कुणीच आवडत नाही. त्यात ज्याच्यासाठी मी उपाशी बसले होते, त्या वेदांगचा पत्ताच नव्हता! बाहेर झिंडेलफिंगेन या जर्मन गावातला चिकट पाऊस, आत हॉटेलात लसणाचा घमघमाट, आणि मी रिकाम्या टेबलाशी नटूनथटून एकटी.

कंपनीच्या कामाला पुण्याहून पंधरा दिवस जर्मनीत जातेय म्हटल्यावर आईने लगेच इथलं स्थळ हुडकून काढलं होतं. “देवश्री, एवढ्या एकाला भेट गं!” मीही तिला बजावलं होतं, हा शेवटचा. यानंतर मी कुणासमोर बसणार नाही. तीन वर्षं लोक मला बघून जातायत. मी काय सेलमधली साडी आहे?

“मेला कुठे उलथलाय!” मी मोठ्याने म्हणाले.

“बसू का इथे? सगळीकडे भरलंय.”

दचकून वर बघितलं. भिजलेले केस, हातात ओलं जॅकेट... आणि मराठी! इथे अनोळखी माणसं खुशाल एका टेबलावर बसतात, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

“बसा. पण बोलायचं नाही. मी चिडलेय.”

“बरं.”

वैतागून मी तापास मागवले. तापास म्हणजे स्पॅनिश लोकांचं इवल्या इवल्या ताटल्यांतलं जेवण, सगळ्यांनी मिळून खायचं. त्यानेही मागवले. वेटरला वाटलं आम्ही एकत्रच आहोत, त्याने सगळ्या ताटल्या मध्ये मांडून ठेवल्या. लाल सॉसमधले बटाटे, लसणातले मशरूम, मीठ भुरभुरलेल्या भाजक्या हिरव्या मिरच्या. याचा हात थेट बटाट्यांकडे!

“ते माझे आहेत.”

“एक घेतला तर पोलिसांत द्याल?”

“आधी हात तोडेन. मग पोलिसांत.”

तो हसला. एका गालावर खळी पडली... उगीचच.

“नाव काय तुमचं?”

“रुद्र.”

“अजिबात शोभत नाही.”

“तुम्हाला शोभलं असतं,” तो म्हणाला, आणि एक मिरची अख्खीच तोंडात टाकली. त्या मिरच्यांत एखादीच तिखट निघते म्हणे. ती नेमकी याच्या वाट्याला आली! डोळ्यांत पाणी, नाक लाल, तरी “छान आहे” म्हणतोय. मला इतकं हसू आलं की भूक विसरले. मी पाव पुढे सरकवला. त्याने त्यावर टोमॅटो चोळला, वर तेल सोडलं आणि पहिला घास मलाच दिला. बोटं बोटांना लागली.

मग बोलतच राहिलो. तो सांगलीचा, इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही. वेदांग येऊच नये असं मला वाटायला लागलं. खरंच वाटायला लागलं.

“देवश्री,” त्याने काटा खाली ठेवला.

मी नाव सांगितलंच नव्हतं.

“मी वेदांगचा मित्र आहे. त्याने... मला पाठवलं. आधी तू बघून ये, बरी वाटली तर मी पुढच्या शनिवारी भेटेन, म्हणाला.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

“तो काय भाड्याचा फ्लॅट घेतोय? मित्राने आधी बघून यायचं, ओल आहे का, नळाला पाणी येतं का?”

“तू चिडणार हे—”

“चिडणार? रडू येतंय मला! वाटलं होतं, निदान एक तरी माणूस मला बघायला आलेला नाही!”

“त्याला मी कळवलंय. मघाशी. मुलगी तुझ्यासाठी नाही म्हणून.”

“काय?”

“कारण मला... मला तू आवडलीस.”

“आणि माझा नकार तू परस्पर देऊन टाकलास? कोण रे तू?” शेजारच्या टेबलावरच्या दोन जर्मन आज्या वाइन विसरून आमच्याकडे बघायला लागल्या. “लाव त्याला फोन!”

त्याने निमूट लावला. मी हिसकावून घेतला.

“नमस्कार वेदांग, देवश्री बोलतेय. तुम्ही मला पसंत नाही. बघायचीही गरज वाटत नाही.” आणि कट!

मग याच्याकडे वळले. “ऊठ.”

“जाऊ?”

“तासभर मला बघितलंस ना? आता मी बघणार. चालून दाखव.”

“इथे?”

“इथेच.”

आणि तो खरंच चालला! टेबलांमधून, वेटरला वाट देत, काउंटरपर्यंत आणि परत. कान मिरचीसारखे लाल. आज्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

“स्वयंपाक?”

“खिचडी येते. आणि... खिचडीच येते.”

“गाणं?”

“नको. आधीच चिडलीयेस.”

मी ओठ चावून हसू दाबलं. अजून आत धगधगत होतं.

“सांगितलंस कशाला? गप्प बसला असतास तर मला कळलंही नसतं.”

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. “तू इतकी मनापासून हसलीस आणि मी समोर खोटा बसलो होतो... सहन होईना. तू उठून जाशील म्हणून घाबरलो होतो. आत्ताही घाबरलोय.”

तेवढ्यात आईचा फोन. पुण्यात झोपायची वेळ टळून गेली होती, पण तिला कुठली झोप!

“काय गं, कसा वाटला मुलगा?”

“मुलगा आलाच नाही, आई.”

“अगं बाई! हे तर शेवटचं म्हणाली होतीस...” तिचा आवाज चिरकला. “आता गं?”

रुद्र तसाच उभा होता. मी बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही असं ठरवल्यासारखा. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि तो निघून जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं.

“आई,” मी त्याच्याकडे बघत म्हणाले, “मुलगा आला नाही... पण मला पसंत आहे.”