चिनी बाईची सहाण

हसायचं त्याने खुशाल हसावं. पण आमच्या स्वप्नालीसमोर नको. तिच्या घरात घडलंय हे.

मागच्या वर्षीचा श्रावणी शुक्रवार. बहरीनमधलं अमवाज. माझी मावसबहीण स्वप्नाली, तिचा नवरा सुयोग आणि सहा वर्षांची कश्मिरा नुकतेच नव्या फ्लॅटमध्ये आले होते.

किचनच्या वरच्या कपाटात आधीच्या भाडेकरूचं सामान निघालं. केसाळ ब्रश, शाईची काळी कांडी, पातळ कागदाची गुंडाळी.

आणि एक गुळगुळीत काळा दगड. एका टोकाला पाण्यासाठी खळगा.

"अगोबाई, सहाण!" स्वप्नाली हरखली.

तिची स्वतःची सहाण सामानाच्या वजनापायी कुडाळलाच राहिली होती. तिने दगड धुतला, चंदन उगाळलं. जिवतीला लावलं. मग लेकीला ओवाळून तिच्या कपाळावर बोट टेकवलं.

गंध पिवळसर होतं. तिने स्वतः पाहिलं.

संध्याकाळी कश्मिराच्या कपाळावर मात्र... काळा ठिपका.

साबण झाला, तेल झालं. जाईना मेला!

रविवारी दुपारी सुयोग ड्युटीवर. पोर झोपलेली. घरात नुसती एसीची घरघर. आणि देवघरातून...

घस्स... घस्स...

कुणीतरी उगाळत होतं.

ती धावली. कुणीच नाही. चंदनाचं खोड कोरडं. दगडाच्या खळग्यात ओली शाई. शेजारी कागद उलगडलेला...

त्यावर एका मुलीचा चेहरा. दोन काळ्याभोर वेण्या. डोळ्यांची जागा कोरी.

आत झोपलेल्या कश्मिराच्या वेण्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

किंकाळी ऐकून वॉचमन हमीद वर आला. दगड बघून दारातच थबकला.

"भाभी, ये तो चायनीज मॅडम का है. इसपे स्याही घिसती थी. बच्ची गुजर गई थी उसकी. उसी की तस्वीर बनाती थी. बोलती थी, आँखें आखिर में बनाऊँगी... बस, उससे पहले खुद खलास."

सुयोग धावत घरी आला. दगड, ब्रश, कांडी, कागद, सगळं उचलून समुद्रात फेकून आला.

"सुटलो गं बाई," म्हणत स्वप्नाली ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी आवाज नव्हता. भर दुपार. खिडकीतून रखरखीत ऊन आत आलेलं. कश्मिरा भिंतीला हात लावत, चाचपडत आईजवळ आली.

"मम्मा, व्हाय डिड यू स्विच ऑफ द लाइट्स?"

डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत.

सुयोग अजूनही ड्युटी सुटली की त्या किनाऱ्यावर जातो. गुडघाभर पाण्यात वाकून तळ चाचपत राहतो.

तो कागद मिळाला तर काय करणार आहे, हे विचारायची माझी छाती होत नाही.